माशीची काठी

आमच्याकडे जेवताना चमचा घ्यायची पद्धत नव्हती. चमचे होते, नाही असं नाही, पण ते फडताळात वरच्या फळीवर असायचे आणि बाबांच्या कोर्टातलं कुणी पोहे खायला आलं तरच खाली उतरायचे. त्यामुळे त्या वर्षी मधल्या खोलीच्या लावलेल्या दारामागून चमचा ताटावर आपटल्याचा आवाज यायला लागला, तेव्हा आम्हा सगळ्यांचेच घास हातात राहायचे. आम्ही स्वयंपाकघरात पाटांवर बसलेलो, आणि तिकडे दादा एकटाच, डाव्या हातात चमचा धरून आमटीभात गोळा करतोय. खण्ण. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा खण्ण. आई वाढता वाढता थांबायची, बाबा उगाचच खाकरायचे, आणि आत्या, म्हणजे बाबांची मोठी विधवा बहीण, जिला एका कानाने कमी ऐकू यायचं, ती मात्र नेमका हाच आवाज ऐकायची आणि म्हणायची, "डाव्या हाताने जेवतंय गं पोर माझं." हे ती दबक्या आवाजात बोलतेय असं तिला वाटायचं. दारापलीकडे ते स्पष्ट जायचं.

दादा, माझा थोरला भाऊ वसंत, ठाण्याच्या एका कारखान्याच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होता. यंत्रांचे नकाशे काढायचा. घरी कधी काम आणलं की मी शेजारी बसून बघायची. शाईचं पेन पट्टीला लावून तो रेघ ओढायचा तेव्हा श्वाससुद्धा रोखून धरायचा आणि मलाही रोखायला लावायचा. "हललीस तर बघ हं कुसुम," म्हणायचा. पावसाआधी घराची कौलं चाळून घेताना हाच पठ्ठ्या शिडीवरून घसरला आणि नेमका उजव्या हातावर पडला. मनगट मोडलं. अर्धा पावसाळा प्लास्टरमध्ये गेला. प्लास्टर काढलं तेव्हा आतून निघालेला हात बारीक, पांढरट, आणि बोटं अर्धवट वाकलेली. ना नीट मिटत, ना नीट उघडत. डॉक्टर म्हणाले, "हाड झकास जुळलंय. आता हात चालव. नाही चालवलास तर असाच लाकूड होऊन बसेल." पण चालवायला गेलं की कळ मस्तकात जायची, आणि त्या कळेची दादाला इतकी धास्ती बसली की तो हात छातीशी धरूनच फिरायला लागला. डॉक्टरांनी पिळायला दिलेला चिंध्यांचा चेंडू त्याने दुसऱ्याच दिवशी विहिरीत टाकला. ऑफिसने त्याची जागा दिवाळीपर्यंत राखायचं कबूल केलं होतं. दिवाळीनंतर दुसरा माणूस. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं.

श्रावण होता तोवर निभावलं. वरणभात, अळूचं फदफदं, वालाचं बिरडं, हे चमच्याने खाता येतं. पण गणपती गेले आणि घरात पुन्हा मासे शिजायला लागले. आम्ही मासे खाणारी माणसं, आणि माशाला काटे असतात. एका डाव्या हाताने, तेही चमच्याने, काटे काढून दाखवा बरं कुणीतरी! पहिल्या दिवशी आईने बोई माशाची तुकडी तळली, काटे काढून नुसतं मांस वाटीत घातलं आणि दादाच्या पुढे ठेवलं. तो त्या वाटीकडे बघतच राहिला. "मी काय तान्हा आहे?" एवढंच म्हणाला आणि वाटी सरकवली. त्या दिवसापासून त्याने मासे सोडले. आमच्या घरात मासे सोडणं म्हणजे संन्यासच. आई पदर तोंडाला लावून चुलीपुढे बसली. आणि मला, खरं सांगते, भीती वाटली. हात जाईल, नोकरी जाईल, ह्यापेक्षा तो हळूहळू एकेक सोडत जाईल आणि मग एक दिवस काय सोडेल, ह्याची. पंधराव्या वर्षी असले विचार कुणाला सांगायची सोय नसते.

काठीची कल्पना डॉक्टरांची. ते लढाईच्या काळात लष्करात होते आणि तिथे कुणा जायबंदी अधिकाऱ्याने गळ टाकता टाकता आपलं मनगट परत मिळवलं, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. "आमचा वसंता लहानपणी तळ्यावरच पडून असायचा ना?" ते बाबांना म्हणाले. "मग त्याला फ्लाय रॉड आणून द्या. माशीची काठी म्हणा हवं तर. हिच्या टोकाला पिसांची खोटी माशी असते, आणि वजन असतं ते दोरीलाच. ती दोरी मागेपुढे झुलवत पाण्यावर टाकायची. सगळं काम मनगटाचं. पण बघून घ्या हं. मनगटाला झेपली नाही तर आहे तेही जाईल." हे शेवटचं वाक्य बाबांनी घरी येऊन इतक्यांदा सांगितलं की बाकीचं सगळं मागेच राहिलं.

त्या रात्री बाबा पानावर बसल्या बसल्या म्हणाले, "वसंतासाठी माशीची काठी बघायला हवी." आत्याने ऐकलं माशाची. तिला बिचारीला वाटलं, त्यात काय एवढं? दुसऱ्या दिवशी चेंदणी कोळीवाड्यातली कोळीण दारात आली तेव्हा आत्याने तिला गाठलं, आणि तिसऱ्या दिवशी अंगणात एक काठी येऊन पडली. चांगला मनगटाएवढा जाड बांबू, दादापेक्षा उंच, टोकाला सुतळी आणि हा एवढा गळ. आत्याचा चेहरा नुसता फुलला होता. "ही घे वसंता! खाडीतला जिताडा ओढते म्हणे!" तिच्या हौसेसाठी असेल किंवा कसं, दादा बाहेर आला. त्याने उजव्या हाताने बांबू धरला, उचलला, आणि बोटं उघडली. बांबू कोसळला तो थेट पाण्याच्या माठावर. माठ फुटला, अंगणभर पाणी. दादाने हात पुन्हा छातीशी घेतला. "बघितलंत?" तो म्हणाला. रागावून नाही, अगदी साध्या आवाजात. आणि आत गेला. त्या दुपारी चमचाही वाजला नाही.

बाबा आत्यावर ओरडले तसं मी त्यांना कधी ओरडताना पाहिलं नव्हतं. "अगं आक्का, माशी! माशी म्हणालो मी! माशी!" आणि हातांनी पंख हलवून दाखवायला लागले. आत्या रडवेली होऊन म्हणाली, "मला मेलीला काय ठाऊक? मासा धरायचा तर काठी माशाचीच असणार ना? माशीची काठी म्हणजे काय माश्या मारायच्यात?" एरवी आम्ही हसून हसून लोळलो असतो. आज आठवून हसते मी, एकटीच, डोंबिवलीच्या ह्या दुसऱ्या मजल्यावर. त्या दिवशी मात्र मी पोतेऱ्याने पाणी टिपत होते आणि माठाची एकेक खापर गोळा करत होते.

खरी काठी कल्याणला मिळेल असं डॉक्टरांनीच सांगितलं. रेल्वेच्या बंगल्यांमध्ये बेकर म्हणून एक रिटायर झालेला अँग्लो-इंडियन गार्ड राहायचा. मुलीकडे विलायतेला जायचा होता आणि घरातलं सामान काढत होता. दादा काही यायला तयार नव्हता. "आणा काय आणायचंय ते," म्हणाला भिंतीकडे बघत. आणि बाबांचं म्हणाल तर ते मंडईत मेथीच्या दोन जुड्या दोन हातांत घेऊन ताटकळत राहणारा माणूस. म्हणून आईने मला पुढे केलं. "तू जा गं बरोबर. नाहीतर हे सगळ्या उचलून आणतील नाहीतर एकही नाही." बाबा वाटेत सारखं एकच म्हणत होते, "हलकी हवी. हलकीच हवी." जसं काही मी विसरणार होते.

बेकरसाहेबांचं घर अर्धं पेट्यांत गेलं होतं. डांबरगोळ्यांचा आणि बुटाच्या पॉलिशचा वास. साहेब काळासावळा, उंच, पँटला गॅलिसचे पट्टे लावलेला, आणि बोलायचा आपल्यासारखंच मोडकंतोडकं हिंदी. त्याने व्हरांड्यात तीन काठ्या मांडल्या, एखाद्याने घरातली मुलं दाखवावी तशा. "यह ठंडा पानी का है," पहिली दाखवून म्हणाला. "पहाड का नदी, छोटा मछली." ती बारीक, देखणी, हातात घेतली तर हातात काही आहे असं वाटू नये. दुसरी लांबलचक, दोन्ही हातांनी धरायची. ती बाबांनी बघताक्षणीच "नको नको" करून परतवली. तिसरी मधे थोडी जाड, ठिकठिकाणी लाल दोरा गुंडाळलेली, मुठीवरचं बुचाचं आवरण काळपट झालेलं. "और यह गरम पानी का."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग साहेबाकडे. "गरम पानी? वज्रेश्वरी के कुंड में मछली होता है?" बेकरसाहेब इतका हसला की त्याला खोकला आला. "अरे बाबूजी, तुम्हारा पूरा मुलुख ही गरम पानी है! तालाब, खाडी, सब!" मग त्याने अंगणात उतरून तिसरी काठी चालवून दाखवली. दोरी मागे गेली, हवेत सरळ झाली, आणि मगच त्याने हात पुढे आणला. दोरी गवतावर अलगद जाऊन पडली. मी अशी गोष्ट कधी पाहिली नव्हती. काठी टोकापासून पार मुठीपर्यंत वाकत होती आणि सावकाश सरळ होत होती. साहेबाचा हात फारसं काही करतच नव्हता. तो फक्त थांबत होता.

"पहिलीच घेऊ," बाबा म्हणाले. "हलकी आहे." मी दोन्ही चालवून पाहिल्या. उजव्या हाताने मला दोन्ही बऱ्याच वाटल्या. पहिली तर जास्तच आवडली, खोटं कशाला बोलू? पण मनात धाकधूक. चुकीची नेली तर? आहे तेही जाईल, हे वाक्य कानात घोंगावत होतं. आणि मग माझ्या लक्षात आलं की मी माझ्या धडधाकट हाताने निवडतेय. माझ्या हाताला काय, काहीही चालेल. दादाचा उजवा हात कसा आहे? मठ्ठ, अडाणी, न ऐकणारा. तसा हात माझ्याकडेही एक होता की! मी काठी डाव्या हातात घेतली.

"अगं कुसुम!" बाबा दचकून म्हणाले. "डाव्या हाताने काय घेतेस कुणाकडून? साहेब काय म्हणतील!" आमच्या घरात डाव्या हाताने मीठसुद्धा दिलेलं चालत नसे, आत्या दोन खोल्या पलीकडून "डावा हात!" म्हणून ओरडायची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मी काठी सोडली नाही. पहिली काठी डाव्या हाताला ऐकेचना. तिला मनगटाचा झटका हवा होता, चटकन, आणि माझ्या डाव्या हाताचा झटका कायम उशिरा यायचा. दोरी पायातच गोळा होऊन पडायची. हलकी होती, पण तिला हात हुशार हवा होता. तिसरी थोडी जड, पण ती वाट बघायची. मी वेंधळ्यासारखी मागे नेली, थांबले, पुढे आणली, आणि दोरी गेली. फार नाही, अंगणातल्या पेरूच्या झाडापर्यंत. पण गेली. बेकरसाहेब माझ्या डाव्या हाताकडे बघत होता. डॉक्टरांनी त्याला सगळं सांगितलं असावं, कारण तो फक्त म्हणाला, "बेटी ने ठीक किया."

बाबांचं समाधान झालं नाही. परतीच्या आगगाडीत ते खिडकीबाहेर बघत बसले होते, आणि मी ती कापडी पिशवीतली काठी मांडीवर धरून. कळवा येईपर्यंत त्यांनी मला तीनदा तरी विचारलं असेल, "नक्की ना गं? डॉक्टर हलकी म्हणाले होते." आणि मी दर वेळी "नक्की" म्हणत होते आणि दर वेळी ते कमी कमी खरं वाटत होतं. ठाण्याला उतरलो तेव्हा माझी खात्रीच झाली होती की मी माझ्या भावाचा हात घालवून बसले.

दादाने काठीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आत्याने मात्र बाबांकडून सगळी हकिकत ऐकून घेतली आणि काठीबरोबर आलेल्या डब्यातल्या खोट्या माश्या बोटाने उलट्यासुलट्या केल्या. "हे पीस खातात मासे? इतके बावळट असतात?" दोन दिवस काठी कोपऱ्यात उभी. तिसऱ्या दिवशी मला राहवेना. मी ती अंगणात नेली आणि दादाच्या खिडकीसमोर उभी राहून चालवायला लागले, डाव्याच हाताने. माशी शेवग्यात अडकली. सोडवली. मग आईच्या वाळत घातलेल्या लुगड्यात अडकली. पुन्हा टाकली, ती चाबकासारखी फाट्कन वाजली. असं बराच वेळ चाललं. मला कळत होतं की खिडकीत कुणीतरी उभं आहे, पण वळून बघायची हिंमत नव्हती. शेवटी खिडकीतून चिडलेला आवाज आला, "अगं थांब ना मागे! दोरी सरळ व्हायच्या आधीच ओढतेस, येडी!"

"तू दाखव मग!" मी म्हणाले. रडायलाच आले होते.

तो आला. पायांत चपला न घालता आला. काठी डाव्या हातात घेऊ लागला आणि मग थांबून, तोंड वाकडं करत, उजव्या हातात घेतली. डावा हात आधाराला खाली. अंगठा मुठीवर बसेपर्यंत त्याच्या कपाळावर घाम आला होता. मी त्याच्या बोटांकडे बघत होते: आता उघडतील, आता पडेल. काठी मागे गेली, मुठीपर्यंत वाकली, आणि तो थांबला. काठीच्याच नादाने हात पुढे आला. दोरी विहिरीच्या कठड्यापर्यंत गेली. दादाने दात आवळून "आई गं" केलं. आणि पुन्हा काठी मागे नेली.

त्यानंतर तो रोज सकाळी तळ्यावर जायला लागला, माजिवड्याच्या वाटेवरच्या. ते तळं आता नाही. तिथे काचेची बिल्डिंग आहे आणि खाली गाड्या लावतात; माझ्या नातवाला दाखवलं तर म्हणतो, आजी, तुझं काहीतरीच. तेव्हा तिथे कमळं होती आणि म्हशी डुंबायच्या. दादाची अट एकच, कुणी बघायचं नाही. मलाही पाठ करून बसवायचा. मी पाठमोरी बसून दोरीचा आवाज ऐकायची. हवेत सूं होई, मग शांतता, मग पाण्यावर टप्प. ती मधली शांतता मला सोसायची नाही. काही दिवस हात सुजायचा आणि मला वाटायचं, झालं, संपलं, चुकीची काठी. आई शेक द्यायची आणि माझ्याकडे बघायची नाही. काही दिवस बरं असायचं. घरात मात्र काहीच बदललं नव्हतं. दार लावलेलं, आणि चमचा. कुणी बघत असलं की त्याची बोटं मिटतच नसत. अंगणात आकाशकंदिलाच्या काड्या येऊन पडल्या, बाबांच्या खाकरण्याला जोर चढला. ऑफिसच्या साहेबांनी निरोप धाडला होता, येत्या सोमवारी येऊन हात दाखवून जा.

त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, दादाने मासा धरला. वीतभर, चंदेरी, नाव काय ते कुणालाच ठाऊक नाही. आत्याने तो शेपटीला धरून बघितला. "गोड्या पाण्यातला? चिखलाचा वास यायचा ह्याला. आणि मासा कमी, काटेच जास्त." पण आईने तिच्या हातून तो जवळजवळ ओढूनच घेतला. तिखटमीठ, हळद, चिंचेचा कोळ, वरून तांदळाचं पीठ. घरभर तळल्याचा वास पसरला. आणि आई मधल्या खोलीच्या दारात जाऊन म्हणाली, "वसंता, तू आणलायस. पानावर येऊन खा, नाहीतर आम्ही कुणी जेवत नाही." एवढं कडक ती कधी बोलायची नाही. बोलून स्वतःच घाबरली.

तो आला. पाटावर बसला. चमचा सोबत आणला होता, तो ताटाशेजारी ठेवला. अख्खा मासा त्याच्याच पानात. आम्ही सगळे आपापल्या ताटात बघत होतो. बाबा कोर्टातली कुठलीशी कंटाळवाणी गोष्ट सांगायला लागले आणि मधेच विसरले. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. त्याचा उजवा हात मांडीवरून उठला, माशावर आला, आणि तिथेच थांबला. अंगठा आणि तर्जनी जवळ यायची, काट्याला लागायची, आणि निसटायची. एक काटा निघाला. दुसरा तुटला. मला वाटलं, आता वाटी सरकवली तसं ताट सरकवणार हा. आत्या ओठ दाबून बसली होती, जन्मात पहिल्यांदाच गप्प. शेवटी त्याने कसाबसा एक तुकडा उचलला आणि तोंडात घातला.

आणि त्याला काटा लागला.

आधी नुसता खाकरला. मग चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी, आणि श्वास ओढल्याचा एक भलताच आवाज. "भात! कोरडा भात गिळ!" आई किंचाळली. बाबा उठले ते पाणी सांडत उठले, आत्या त्याच्या पाठीत बुक्के मारायला लागली, मी केळं आणायला धावले आणि दारातच थबकले. कारण दादाचा हात ताटात गेला होता. उजवा. पाची बोटं भातात रुतली, मिटली, मुठीत भात दाबून त्याचा मुटका झाला, आणि तो मुटका थेट तोंडात. गिळला. पुन्हा हात खाली, पुन्हा मुटका, पुन्हा तोंडात. कसला चमचा, कसली कळ! जिवाच्या भीतीपुढे त्या हाताला कशाची आठवणच राहिली नव्हती.

तो धापा टाकत बसला. आत्याचा हात त्याच्या पाठीवर होता तसाच राहिला, आणि तिचे डोळे भरून वाहत होते. आईने त्या हाताने मुटका वळलेला पाहिला होता, मीही पाहिला होता. बाबा मात्र भिंतीशी उभे, हातात रिकामा तांब्या, आणि त्यांना अजून फक्त गळ्याचीच चिंता.

"काटा गेला का रे?" त्यांनी घाबऱ्याघाबऱ्या विचारलं. "वसंता, गेला का काटा?"

दादा आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. मिटलेली मूठ, बोटांच्या मधून बाहेर आलेली शितं. त्याने मूठ उघडली. पुन्हा मिटली.

"कुठला काटा?" तो म्हणाला.